मधले खाचर पाठमोऱ्याने जिंकिले त्याची हकीकत

श्री वाघोबा प्रसन्न. शालिवाहन शके अठराशे बासष्ट, विक्रमनाम संवत्सरी, आषाढ मासी, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत लिहोन ठेवावी असे दोन्ही मुलुखांतील वडीलधाऱ्यांच्या मनी आले. कारण की, ज्यांनी युद्ध केले ते आता एकमेकांचे व्याही जाहले, आणि व्याही जाहले म्हणजे मागील गोष्टी जो तो आपल्या सोईने सांगू लागतो. ऐसे न व्हावे, म्हणोन जे घडले ते घडले तैसे, पदरचा चिखल न घालता, पुढे लिहिले असे.

उत्तरेस उंबरशेत, तालुके शहापूर. दक्षिणेस हेदपाडा, तालुके मुरबाड. दोहोंमध्ये एक ओहळ. ओहळास नाव नाही, कारण उन्हाळ्यात तो नसतोच. परंतु पावसाळ्यात त्याची मिजास ऐसी की उभी म्हैस वाहून नेईल. ओहळाच्या अलीकडे उंबरशेत आणि पलीकडे हेदपाडा, हा शिरस्ता बापजाद्यांपासून चालत आला होता, आणि पूर्वेस टेकडीच्या पायथ्याशी, ओहळाच्या काठी, शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड दोन्ही गावांस मिळून एकच साक्षीदार होता. दरसाल वाघबारशीस दोन्हीकडील गुराखी त्यास नारळ देत, आणि तो दोघांचाही नारळ घेऊन कोणाच्याच बाजूने बोलत नसे.

ऐशास मागील साली भाद्रपदात पाऊस बेसुमार जाहला. ओहळ जेथे वळण घेतो तेथे पाणी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठास गाळ टाकते, हा पाण्याचा कायदा आहे आणि त्यास कोणत्याही कचेरीची मंजुरी लागत नाही. त्या कायद्यान्वये ओहळाने वाघोबाच्या वरच्या अंगास आपली जुनी वाट सोडिली आणि दक्षिणेस हेदपाड्याकडे सरकोन नवी वाट धरिली, आणि मग पूर ओसरल्यावर पाहतात तो जुन्या वाटेच्या आणि नव्या वाटेच्या मध्ये, वाघोबापासून खालच्या कातळापर्यंत, काळ्याभोर गाळाची एक लांबट पट्टी निपजलेली. पूर्वी तेथे करवंदीची जाळी होती आणि ती कोणाची, हे कोणी विचारीत नव्हते. आता गाळात पाय घातला तो गुडघ्यापर्यंत गेला, आणि दोन्ही गावांस एकाच दिवशी ती जमीन आपली असल्याची आठवण जाहली.

उंबरशेतचा दावा की, ओहळ हीच शीव. ओहळ जाईल तिकडे शीव जाईल. हेदपाड्याचा दावा की, शीव एकदा ठरली ती ठरली. ओहळ फिरला म्हणोन जमीन फिरत नाही. दोन्ही तालुक्यांचे तलाठी येऊन पाहोन गेले. पैकी एकाने सांगितले, "पीक उभं राहिलं की बघू." दुसऱ्याने पहिल्यास न विचारता तेच सांगितले.

आता या युद्धात जिचा जीव खरा टांगणीस लागला तिची हकीकत. उंबरशेतचे सरनोबत काळूरामजी, यांचा कबिला सकुबाई. ही हेदपाड्याची लेक आणि उंबरशेतची सून. भातलावणीत तिच्या हातास दोन्ही तालुक्यांत जोड नव्हती. बायका म्हणत की सकुबाईच्या बोटांस डोळे आहेत. तिचा धाकटा भाऊ गणू, तोच हेदपाड्याचा मुख्य सरदार. सकुबाईचा पुत्र जैतू आणि गणूची कन्या ठमी, यांची सोयरीक दोघे पाळण्यात असल्यापासून बोललेली, आणि आता दोघांच्याही मनात भरलेली. मामाची लेक घरात आणावी आणि सासरी माहेर करावे, हा सकुबाईचा पुष्कळ वर्षांचा मनसुबा.

वैशाखात बोलणी पक्की करण्यासाठी काळूरामजी सहकुटुंब हेदपाड्यास दाखल जाहले. गणूच्या ओटीवर घोंगडी पसरली, ताटलीत गूळ आला. रिवाज ऐसा की नवरा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत येतो, मुलीकडील मंडळी शिवेवर सामोरी जाऊन त्यास ओवाळतात, आणि मग त्याचा पाय गावात पडतो. गणू गूळ पुढे करोन बोलला:

"नवरा आमी जुन्या ओहळाशी ओवाळून घेऊ, दाजी. आमची शीव तिथं."

काळूरामजींचा हात गुळावरोन मागे आला.

"जुन्या ओहळाशी? तिथून पुढं आमची घरची जमीन रे. आपल्याच शेतात नवऱ्याला कोन ओवाळून घेतो? गाडी नव्या ओहळाशी थांबल."

"मंग थांबू दे. बैलांसकट थांबल. आमच्यातलं कोनी तिथं यायचं नाय."

इतक्यात गणूचा कबिला बाईजा चुलीपासोन बोलली, "वन्सं, तुमच्याकडं जमीन अशी पान्यासंगं चालते होय? मंग औंदा ओहळ आमच्या चुलीत आला तर चूल बी तुमचीच."

हे ऐकोन काळूरामजी उठले. सकुबाईने मात्र आपल्या वाट्याचा गुळाचा खडा आधीच तोंडात टाकला होता. थुंकावा तर माहेरचा अपमान, गिळावा तर नवऱ्याचा. ती क्षणभर गाल फुगवोन उभी राहिली, आणि मग तिने तो गिळला आणि नवऱ्यामागोमाग चालती जाहली. म्हणजे सोयरीक मोडली खरी, परंतु सकुबाईच्या पोटात ती पक्की होऊन बसली होती.

तदनंतर दोन्ही दरबारांतून फर्माने सुटली. उंबरशेतने हुकूम केला की, कोणी ओहळ ओलांडू नये आणि हेदपाड्याचा विस्तवही घेऊ नये. हेदपाड्याने हाच हुकूम केला, वर इतके जोडले की, मार्गशीर्षापर्यंत उंबरशेत शुद्धीवर न आल्यास ठमीस टोकावड्याकडील स्थळ पाहावे. हे वर्तमान मंगळू हेराने आणिले. मंगळू हा धंद्याने शेळ्या राखणारा आणि शेळीस शीव ठाऊक नसते, म्हणोन त्यास दोन्हीकडे मुभा होती. तो उंबरशेतास भाकर खाई आणि हेदपाड्यास कालवण, आणि बातमी दोन्हीकडे सारखी वाढी. टोकावड्याचे नाव ऐकताच जैतू जेवणावरोन उठला आणि गुरे घेऊन टेकडीवर जाऊन बसू लागला, जेथोन हेदपाड्याचे पाणवठे दिसतात. सकुबाई त्याची भाकर झाकोन ठेवी.

त्याच समयी विलायतेकडे मोठे युद्ध पेटले होते आणि त्याच्या बातम्या खर्डीच्या स्टेशनावर उतरत. काळूरामजी तेथे गवताच्या भाऱ्यांसाठी गेले असता फलाटावर त्यांनी ऐकिले की, तिकडे एका बलाढ्य राज्याने अभेद्य तट बांधिला होता, आणि शत्रू तटास समोरोन भिडलाच नाही, वळसा घालोन पाठीकडोन शिरला. काळूरामजींनी दोन गोष्टी ध्यानी धरिल्या. एक, तट बांधावा. दुसरी, पाठीकडोन शिरावे.

मग उंबरशेतने पट्टीच्या उत्तर अंगास मातीचा भक्कम बांध घातला, जेणेकरोन मुलुख आपला असे लांबोन दिसावे. हेदपाड्याने ते पाहिले आणि ईर्षेने दक्षिण अंगास त्याहून उंच बांध घातला. पूर्वेस टेकडी आणि पश्चिमेस कातळ हे आधीच होते. दोन्ही दौलतींनी आपापली तटबंदी पुरी केली, आणि मृगाचे पाणी उतरताच त्या दोन तटांमध्ये ते वीतभर साचोन राहिले. एकट्या उंबरशेतच्या बांधाने पाणी दक्षिणेस वाहोन जाते आणि एकट्या हेदपाड्याच्या बांधाने उत्तरेस. दोन शत्रूंनी मिळोन, एकमेकांस शिव्या देत, एक अव्वल दर्जाचे खाचर तयार केले होते, आणि हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानी आले नाही. लोक त्यास मधले खाचर म्हणो लागले.

आषाढात काळूरामजींनी नांगरांच्या जोड्या घालोन खाचराची चिखलणी केली आणि दमोन घरी गेले. हेदपाड्याचे लोक दुपारी पाहतात तो शत्रूने सारे खाचर लोण्यासारखे करोन ठेविलेले. गणूस वाटले, आयती चिखलणी सोडणे शहाणपणाचे नव्हे. त्याने बैलांस आळवट जुंपोन, म्हणजे तो लांब आडवा लाकडी ओंडका फिरवोन, सारा चिखल सपाट केला. मंगळूने संध्याकाळी हे काळूरामजींस सांगितले. काळूरामजी म्हणाले, "केला ना सपाट? बरं झालं. उद्या आपन लावनी करू. पीक उभं राहील त्याची जमीन." मंगळूने भाकर खाल्ली आणि कालवणासाठी हेदपाड्यास गेला.

दुसरे दिवशी तांबडे फुटता दोन्ही फौजा बाहेर पडल्या. उंबरशेतची फौज म्हणाल तर आघाडीस बायका, एकेकीच्या डोईवर बांबूच्या कामट्यांचे आणि पळसाच्या पानांचे इरले, जे पाठीवरोन खाली कमरेपर्यंत येते आणि ज्याच्यापुढे पोलादी चिलखत फिके. मागे तोफखाना, म्हणजे पुरुष, भाताच्या रोपांच्या मुठी पाट्यांत भरोन. हेदपाड्याच्या फौजेस ओहळ ओलांडणे प्राप्त होते, तो त्यांनी एकमेकींचे हात धरोन ओलांडिला, आणि बाईजा सर्वांपुढे. दोन्ही फौजा आपापल्या बांधावर उभ्या राहिल्या. मध्ये पाणी. पाण्यावर पाऊस.

मग वाग्युद्ध जाहले.

काळूरामजी बोलले की, लावणी आमची, तुम्ही परत जावे.

गणू बोलला, "सपाट कोनी केलं?"

"चिखल कोनी केला?"

"पानी कोनी अडवलं?"

"अर्धं आमी."

"अर्धं आमी."

या प्रमाणे हिशेब बरोबर जुळला, तथापि समेट होईना. एकदोघांनी काठ्या उचलल्या. जैतूही उंबरशेतच्या बांधावर होता. त्याने काठी उचलली नाही, पाटी उचलली आणि पाटीच्या आडोन पलीकडे पाहत राहिला, कारण पलीकडे पाटी घेऊन ठमी उभी होती.

सकुबाईने पाटीतली एक मूठ हातात घेतली. आवण, म्हणजे रोप, एकदा उपटले म्हणजे ते कोणाच्याही भांडणासाठी थांबत नाही. पाने माना टाकतात. उंबरशेतचे राबही, म्हणजे रोप वाढविण्याचे वाफे, रिकामे जाहले होते आणि हेदपाड्याचेही. ती नवऱ्याकडे न पाहता बोलली:

"भांडायचं ते लावून झाल्यावं भांडा. आवण मरतंय."

ऐसे बोलोन ती खाचरात उतरली. समोर बाईजाही उतरली. मग कोण थांबतो. पाटीवर पाटी रिती होऊ लागली आणि युद्धास तोंड लागले.

येथे युद्धशास्त्रातील एक बारीक गोष्ट सांगणे जरूर आहे. भात लावणारा पुढे चालत नाही. पुढे चालल्यास लावलेले रोप पायाखाली जाते. तो वाकतो, आपल्यासमोर रोपे रोवितो आणि एकेक पाऊल मागे सरतो. यास्तव उंबरशेतच्या फौजेने आपल्या बांधाकडे तोंड केले आणि हेदपाड्याकडे पाठ; हेदपाड्याच्या फौजेने आपल्या बांधाकडे तोंड केले आणि उंबरशेताकडे पाठ; आणि दोन्ही फौजा माघार घेत घेत एकमेकींवर चाल करोन निघाल्या. पाठीकडोन शिरावे, ही काळूरामजींची मसलत अक्षरशः अमलात आली. फरक इतकाच की शत्रूनेही तीच अमलात आणिली.

पुरुष बांधावरोन मुठी फेकू लागले, की बायकांच्या मागे त्या पडाव्या आणि मागे सरतील तशा हाती लागाव्या. परंतु ईर्षेचा हात लांब पडतो. उंबरशेतचा गोळा मध्य ओलांडोन हेदपाड्याच्या भागात पडू लागला आणि हेदपाड्याचा उंबरशेतच्या. उंबरशेतचे भात पांढरा कोळंबा, हेदपाड्याचे लाल राता. रोपे दिसावयास एकसारखी हिरवी. जिच्या हाती जी मूठ आली ती तिने लाविली. जैतूच्या पाटीतील मुठी तर विशेष लांब, ठमीच्या बांधापाशीच, जाऊन पडत होत्या, आणि बांधावरच राहिलेल्या ठमीच्या मुठी उंबरशेतच्या बांधापाशी. दारूगोळ्याची ऐसी नासाडी आजवर कोणत्याही लढाईत जाहली नसेल.

आता सकुबाईच्या मनात काय चालले होते ते सांगतो. तिचा हात चालू लागला तो बाकीच्या बायका मागे पडल्या. तिला कळोन चुकले की, आपण अशाच मागे सरत गेलो आणि उंबरशेतच्या बायकांस आपल्या चालीवर ओढले, तर दुपारच्या आत आपली पाठ हेदपाड्याच्या बांधास टेकेल. मग खाचर उंबरशेतचे, गणूचे तोंड काळे, आणि ठमी टोकावड्यास. आणि आपण हात आखडला, तर बाईजा काही आखडणार नाही. मग गणूचा जोर, काळूरामजी जन्मात हेदपाड्याचे पाणी पिणार नाहीत, आणि ठमी टोकावड्यासच. जिंकणे आणि हरणे या दोहोंत तिचे नुकसान सारखेच होते. जिंकूही नये आणि हरूही नये, याची तजवीज काय?

तेव्हा सकुबाईने गाणे धरिले. गाणे उंबरशेतचे नव्हे. हेदपाड्याचे, तिच्या आईचे.

"पल्याडच्या बांधावं गो कोनाचं इरलं?"

लावणीच्या गाण्याचा कायदा ऐसा की एकीने टाकिले म्हणजे दुसऱ्यांनी झेलावे. न झेलता राहणे हे हात मोडण्यासारखे. उंबरशेतच्या बायकांस ते झेलता येईना, कारण पुढील ओळ त्यांस ठाऊक नव्हती. क्षणभर नुसता पाऊस वाजला. आणि मग सकुबाईच्या पाठीमागोन, शत्रूच्या गोटातोन, हेदपाड्याच्या म्हातारीपासोन पोरीपर्यंत सर्वांचा एकच आवाज उठला:

"भिजला माजा भाऊ, त्याचं इरलं इसरलं."

बाईजाने प्रथम ओठ मिटोन धरिले. परंतु तिसऱ्या खेपेस तीही झेलू लागली. गाण्याची चाल तीच हाताची चाल, हाताची चाल तीच पायाची. सकुबाई टाकी आणि शत्रू झेली. सकुबाई एक पाऊल मागे आणि बाईजा एक पाऊल मागे. उंबरशेतच्या बायकांनीही ओळ उचलली. दोन्ही फौजांचा वेग एक जाहला, आणि ज्या दोन फौजा सारख्या वेगाने एकमेकींकडे सरतात त्या कोठे भेटतील, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

मध्येच हेदपाड्याच्या बांधावर हसू फुटले. सर्वांच्या ध्यानी आले की, गणू खरेच चिंब भिजला होता. स्वारीच्या घाईत सरदार आपले इरले घरी विसरोन आले होते.

"कोन हसतंय रे?" गणूने दरडाविले, आणि हातातली मूठ फेकण्याचे विसरोन तसाच गाणे ऐकत उभा राहिला.

दुपार कलता कलता सकुबाईच्या इरल्यावर काहीतरी खाडकन आदळले. दुसरे इरले. ती थांबली. बाईजा थांबली. ओळीने खाडखाड आवाज होत दोन्ही फौजा, वाघोबापासोन कातळापर्यंत, पाठीस पाठ लागोन उभ्या ठाकल्या, जैसी कासवांची जत्रा.

"वन्सं, सरका," बाईजा मान न वळविता बोलली.

"कुठं सरकू गो वैनी? म्होरं माजं भात हाय."

"माज्या बी म्होरं भातच हाय."

तेव्हा कोठे दोन्ही फौजांस आपली अवस्था उमजली. समोर आपलीच नुकती लाविलेली रोपे, मागे शत्रू. पुढे पाऊल टाकावे तर आपलीच फत्ते तुडवावी लागते. दोन विजयी फौजांनी स्वतःच स्वतःस वेढा घातला होता, आणि त्यांच्या पायांखाली उरली होती फक्त हातभर रुंदीची न लाविलेली जागा.

काळूरामजींनी बांधावरोन हुकूम केला की फौजेने बाहेर यावे. एकीनेही ऐकिले नाही. गणूने हुकूम केला की शत्रूच्या बाजूने बाहेर पडावे. त्यावर हेदपाड्याचीच एक म्हातारी कमरेवर हात ठेवोन बोलली, "लावलेल्या भातात पाय? कोनाचं बी असू दे, मी नाय टाकायची. तुला हौस असंल तर तू ये."

मग एकच मार्ग उरला. दोन्ही फौजा आडव्या वळल्या, आणि त्या हातभर पट्टीवरोन एकीमागे एक, उंबरशेतची एक आणि हेदपाड्याची एक, जशा उभ्या होत्या तशाच सरमिसळ, पूर्वेकडे वाघोबाच्या दगडाशी निघाल्या. इतक्या पायांनी ती पट्टी दाबली गेली आणि खाचराच्या मधोमध सरळ पायवाट उमटली. पुरुष दोन्ही बांधांवरोन धावत वाघोबापाशी आले, काठ्या हातातच, परंतु समोर आल्या बायका चिखलात बरबटलेल्या, आणि कोणती कोणत्या गावची हे नवऱ्यांसही ओळखू येईना. काठी कोणावर उगारावी हा पेच पडला.

सकुबाई दगडापाशी वर आली. तिने आपल्या डोईवरचे इरले काढिले आणि गणूच्या डोईवर ठेविले.

"घे. मघापासून गानं झालंय तुज्या नावानं."

 गणूने इरले काढिले नाही. काळूरामजींकडे पाहोन म्हणाला, "दाजी, ही वाट कोनाची म्हनायची?"

काळूरामजी पायवाटेकडे पाहत राहिले. ती जुन्या ओहळापासोन जितकी लांब तितकीच नव्या ओहळापासोन. मग त्यांनी घसा साफ करोन फर्माविले की, जेथे दोन्ही फौजांची पाठ लागली ती शीव. अलीकडील अर्ध उंबरशेतने आणि पलीकडील अर्ध हेदपाड्याने पिकवावे. आणि लग्नात गाडी या वाटेच्या तोंडाशी, वाघोबासमोर, थांबेल.

"आनि बैल?" बाईजाने विचारिले.

"बैल बी थांबतील, वैनी. तुमी ओवाळाल तर."

बाईजाने चिखलाचा हात पदरास पुसला. "बैलांना आधी ओवाळीन," ती बोलली.

मंगळू हेर त्या दिवशी दोन्हीकडे बातमी पोहोचवावयास निघाला आणि त्यास कळले की सर्व लोक तेथेच आहेत. त्या संध्याकाळी त्यास भाकर आणि कालवण एकाच घरी मिळाले.

तदनंतर खाचर ऐसे पिकले की लोक पाहावयास येत. तलाठी दोघेही आले, आपापल्या बांधावर उभे राहिले, मधली पायवाट पाहिली आणि माना डोलावोन गेले. परंतु भात झोडपले तेव्हा कोळंबा आणि राता असे मिसळलेले निघाले की दोन्ही गावांच्या सुपांस ते वेगळे करवेना. भात रांधला तर अर्धा मऊ आणि अर्धा टणक. खाणारे वाद घालीत जेवले आणि पुन्हा वाढोन घेत होते.

मार्गशीर्षात जैतू आणि ठमी यांचे लग्न जाहले. त्याच खाचराचे तांदूळ अक्षतांस काढिले. पांढऱ्यात लाल दाणे मूळचेच होते, त्यांस कुंकू लावावे लागले नाही. नवऱ्याची गाडी वाघोबासमोर थांबली, बैलांस प्रथम ओवाळले गेले, गणूने ताटलीत गूळ पुढे केला आणि काळूरामजींनी खडा उचलोन तोंडात टाकिला. सकुबाईने घेतला नाही. म्हणाली, "मी मागंच खाल्लाय."

येणेप्रमाणे मधल्या खाचराच्या युद्धात उंबरशेत आणि हेदपाडा या उभय दौलतींची शिकस्त होऊन, पाठमोऱ्या चढाईने सकुबाई यांची फत्ते जाहली. मुलुख हाती आला तो हातभर रुंद, वाघोबापासोन कातळापर्यंत. त्यावर आजवर कोणीही रोप लाविले नाही. माहेरास जाणाऱ्या-येणाऱ्या बायका त्यावरोन चालतात, आणि दरसाल लावणीत दोन्हीकडील पाठी तेथे लागल्या म्हणजे काम संपले ऐसे समजतात. हे जाणिजे.